पॅच टेस्ट सुरू करताय? या चुका टाळा

पॅच टेस्ट म्हणजे त्वचेला कशाची ॲलर्जी आहे ते शोधायला संशयित पदार्थांच्या पट्ट्या पाठीवर चिकटवणं. दांडियाबाजारातल्या एका काकूंना मी सोमवारी अशा पट्ट्या लावल्या. बुधवारी त्या आल्या तेव्हा पट्ट्या पाठीवर नव्हत्या, पिशवीत होत्या. "घरी गौरी बसल्यात डॉक्टर. डोक्यावरून पाणी न घेता सोवळ्यात स्वयंपाक कसा करू?" चूक माझी. तारीख देण्याआधी पंचांग पाहिलंच नव्हतं.

बडोद्यात हा व्यवहार किटच्या किमतीपेक्षा तारखांवर बुडतो. पट्टी 48 तास ठेवायची, काढल्यावर पाहायचं आणि 96 तासांच्या सुमारास पुन्हा पाहायचं. शुक्रवारी लावली की काढायचा दिवस रविवार! म्हणून सगळ्यांना सोमवारीच बोलवा. तपासायच्या पदार्थांच्या सिरिंजा फ्रिजमधून एकदाच निघतात, मदतनीसाचा वेळही एकदाच जातो. नवरात्रात मात्र नावं घेऊच नका. गरब्याच्या घामात कुठलीच टेप टिकत नाही.

फी दर भेटीला घेणं ही दुसरी चूक. खाज कमी झाली की माणूस शुक्रवारी फिरकत नाही, आणि निओमायसिनसारख्या (मलमातलं अँटिबायोटिक) काही पदार्थांची प्रतिक्रिया तर उशिराच उमटते. तिन्ही भेटींचे पैसे पहिल्याच दिवशी घ्या.

हौसेनं पादत्राणांची, कॉस्मेटिक्सची अशा सगळ्या सिरीज (पदार्थांचे संच) एकदम मागवू नका. पट्टीवरच्या एका चेंबरला, म्हणजे छोट्या वाटीला, साधारण 20 मिलिग्रॅम पदार्थ लागतो. म्हणजे 5 ग्रॅमची सिरिंज अडीचशे जणांना पुरते. तेवढे रुग्ण येण्याआधी मुदत संपते. निकेल, क्रोमेट, पीपीडी (हेअर डायमधलं रसायन), गाजर गवत हे सगळं असलेली इंडियन स्टँडर्ड सिरीज सुरुवातीला पुरे.

अंगावर पित्त उठणाऱ्याला ही टेस्ट करू नये. एक फी मिळते, नाव जातं. तोंडावाटे स्टिरॉइड चालू असेल तर थांबा, नाहीतर खरी ॲलर्जीही दबून निगेटिव्ह येते.

मकरपुरा जीआयडीसीतल्या कामगाराला सकाळची वेळ दिलीत तर त्याचे तीन खाडे होतात. त्याच्यासाठी संध्याकाळ ठेवा. शेवटची गोष्ट रिपोर्टची, आणि इथे मी स्वतः बरीच वर्षं आळस केला. 'पीपीडी पॉझिटिव्ह' एवढंच इंग्रजीत लिहून दिलं की माणूस घरी जाऊन काळी मेंदी लावतोच. आता मी गुजरातीत, मोठ्या अक्षरांत लिहून देतो: हेअर डाय नाही, काळी मेंदी नाही.