डासाच्या घशात हत्तींचा कळप

तेलुगू काव्यातला श्लेष शिकायचा म्हणून मी थेट पिंगळि सूरनाचं ‘राघवपांडवीयमु’ उघडलं. सोळाव्या शतकातलं काव्य. तीच पद्यं एकदा रामायण म्हणून वाचायची, एकदा महाभारत म्हणून. दोन महिन्यांत चार पद्यं झाली, तीही टीकेचं, म्हणजे अर्थ उलगडणाऱ्या विवरणाचं, बोट धरून. तुम्ही हे करू नका. आधी चाटु पद्यं घ्या. चाटु म्हणजे तोंडोतोंडी फिरत आलेली सुटी पद्यं.

तेनालि रामकृष्णाच्या (आपला तेनालीराम) नावावर सांगितली जाणारी समस्या घ्या : ‘कुंजर यूथंबु दोम कुत्तुक जोच्चेन्’. हत्तींचा कळप डासाच्या घशात शिरला! हा चरण शेवटी बसवून पद्य पुरं करायचं. आख्यायिकेत तो दोनदा करतो. खोडी काढणाऱ्याला शिवीवजा उत्तर मिळतं (ते इथे नको). राजाने विचारल्यावर मात्र : पांडव विराटाच्या चाकरीला लागले, संजया, काय सांगू... आणि पुढे तोच चरण. अक्षरही हललेलं नाही, पण आता हसू येत नाही.

मूळ पद्याच्या चार चरणांच्या सुरुवातीला कान द्या : रंजन, भंजन, संजय, कुंजर. चारही चरणांत दुसरं अक्षर जुळतं. हा प्रास. आपण यमक चरणाच्या शेवटी शोधतो. इथे सुरुवातीला बघायचं.

‘जोच्चेन्’ मी कोशात ‘ज’खाली तासभर शोधला. शिकवणाऱ्या बाई हसल्या, म्हणाल्या, ‘च बघा.’ मूळ धातू ‘चोच्चु’, शिरणे. आधीच्या शब्दाच्या टोकाला लपलेल्या ‘न’कारामुळे क-च-ट-त-प चे ग-ज-ड-द-ब होतात. हा सरळादेश संधी. पाठ करा, कोशाशी होणारी निम्मी भांडणं मिटतात.

मग श्लेष. मला तो उमगला संस्कृतातल्या ‘सर्वदोमाधवः’वरून. ‘सर्वदः माधवः’ तोडलं की विष्णू, ‘सर्वदा उमाधवः’ तोडलं की शंकर. सगळी गंमत कुठे तोडायचं यात. म्हणून ‘राघवपांडवीयमु’च्या प्रत्येक पद्याच्या मी दोन झेरॉक्स काढतो : एकीवर फक्त रामाच्या रेघा, दुसरीवर फक्त पांडवांच्या. एकाच कागदावर दोन्ही करू गेलात की कैकेयी कौरवांत जाऊन बसते.

थकलात तर रामकृष्णाचंच ‘पांडुरंग माहात्म्यमु’ काढा. होय, आपल्याच पंढरपूरचं. त्यात निगमशर्माची अक्का भेटेल, भावाला ताळ्यावर आणायला माहेरी आलेली. तो मात्र दागदागिने घेऊन रातोरात पळतो.