जुलै १९६१ बद्दल लिहिताय? या चुका टाळा

सोसायटीच्या अंकात ‘या महिन्यात घडलं’ हे सदर मी बरीच वर्षं सांभाळतोय. जुलै आला की पुण्याजवळच्या पानशेत धरणाच्या फुटीवरचे लेख येतात आणि त्यात दरवर्षी त्याच चुका असतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पानशेत फुटलं आणि पुणं बुडालं, एवढ्यावरच थांबणं. १२ जुलैच्या सकाळी पानशेत फुटलं आणि दुपारी खडकवासल्याचं जुनं दगडी धरणही गेलं. पुण्याचं पिण्याचं पाणी तिथूनच यायचं. म्हणजे घरात पुराचा गाळ आणि नळ कोरडा. मग लोक पेठांतल्या वाड्यांच्या विहिरींकडे वळले. लेख मात्र बारा तारखेच्या संध्याकाळीच संपतात. अहो, महिन्याचे अजून १९ दिवस उरलेत की! चिखल उपसणं, भिजलेलं धान्य फेकणं, रात्री कंदिलाच्या उजेडात घागर भरणं, हे सगळं त्याच दिवसांतलं. घरातल्या वडीलधाऱ्यांना पाणी किती चढलं हे विचारताच, पण तेरा तारखेला चहा कशावर केला तेही विचारा. बोलायला लागतात.

पानशेत मुठेवर नाही, आंबी नदीवर आहे. ‘जुनं झालेलं धरण’ असंही लिहू नका. त्याचं काम अजून चालू होतं, पाणी सोडायची व्यवस्था अपुरी होती आणि त्यात पहिल्याच पावसाळ्यात ते भरत गेलं. जुनं होतं ते खडकवासलं.

मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण होते. इथे वसंतराव नाईकांचं नाव का घुसतं ते माझ्या उशिरा लक्षात आलं. चौकशी आयोगाचा अहवाल न्यायमूर्ती नाईकांचा. आडनाव तेच, माणूस वेगळा.

‘भिडे पूल पाण्याखाली गेला’ हे वाक्य दिसलं की मी लाल पेन उचलतो. तो पूल तेव्हा नव्हताच. पाण्याखाली गेला तो लकडी पूल.

आता माझी चूक. एका आजींनी सांगितलं, ‘त्या दिवशी अमावास्या होती.’ जुलैतली अमावास्या म्हणजे आषाढाची, असं धरून मी थाटात ‘दिव्यांची अमावास्या’ छापून मोकळा झालो. पुढच्याच आठवड्यात एक काका जुनं पंचांग घेऊन दारात हजर. त्या वर्षी ज्येष्ठ अधिक होता, त्यामुळे १२ जुलैला निज ज्येष्ठाची, म्हणजे अधिकानंतरच्या खऱ्या ज्येष्ठाची अमावास्या आली आणि दिव्यांची ऑगस्टात गेली. आजी बरोबर होत्या, शहाणपणा माझा नडला. आठवणीतली तिथी तारखेशी जुळवायची तर आधी त्या वर्षी अधिक मास होता का ते बघा.

बळींचा आकडा मी छापत नाही. प्रत्येक लेखात वेगळा असतो आणि ‘कुठून घेतला?’ विचारलं की उत्तर येतं, ‘ग्रुपवर आला होता.’ त्यापेक्षा तुमच्या वाड्यात पाणी कितव्या पायरीपर्यंत आलं ते लिहा. ती पायरी अजून असेल, तर फोटोही पाठवा.