परगावच्या रॉक मैफलीला जाताना परतीची वाट आधी ठरवा

जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईतल्या नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये कोल्डप्ले या ब्रिटिश रॉक बँडचे ३ कार्यक्रम झाले. अशा कार्यक्रमात लेझर, आतषबाजी आणि प्रेक्षकांच्या मनगटावर गाण्याच्या तालावर रंग बदलणारे पट्टे हा प्रयोगाचाच भाग असतो. म्हणूनच, रंगमंचाला खेटून उभे राहण्यापेक्षा समोरच्या, थोड्या उंचावरच्या गॅलरीचे तिकीट काढावे, असे माझे ठाम मत आहे. हजारो मनगटे एकाच क्षणी निळी होतात, ते दृश्य मैदानातल्या गर्दीत उभे राहून पूर्ण दिसत नाही.

पुण्याहून जाणाऱ्यांनी मुक्काम शक्यतो पनवेलला करावा, कारण नेरूळहून हार्बर मार्गाची लोकल थेट तिथे पोहोचते आणि सकाळी पुण्याची बसही तिथूनच मिळते. शेवटच्या लोकलची वेळ आधीच पाहून ठेवावी.

कानांची काळजी मात्र अवश्य घ्या. जागतिक आरोग्य संघटनेने अशा ठिकाणांसाठी सरासरी १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली आहे. फोमचे इअरप्लग बोटांत वळून बारीक करावेत, कानाचा वरचा भाग वर ओढून आत सरकवावेत आणि ते फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवावेत. लहान मुलांना कान पूर्ण झाकणारे इअरमफ घालावेत.