नायकाची माया दाखवताना या चुका टाळा

गोष्ट लिहा नाहीतर पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीचं नाटक, नायक मनाचा चांगला आहे हे दाखवायला आपण हमखास पोळा घेतो. आदल्या संध्याकाळी नायक बैलाचे खांदे शेकतोय, हळद-तूप चोळतोय, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या' म्हणतोय. सीन सुंदर दिसतो, पण त्या दिवशी तर वर्षभर बैलाला तुतारी (टोकाला आर लावलेली काठी) टोचणारा पण हेच करतो ना, मग तुमचा माणूस वेगळा कसा कळणार?

हाच सीन जुलैत न्या. चार दिवसांच्या झडीनंतर उघडीप मिळालीय, वापसा आलाय म्हणजे जमीन कामाजोगी सुकलीय, कपाशीत तण मातलंय, सगळ्या गावाचे डवरे (तण काढायचं बैलाचं अवजार) सुरू आहेत आणि पश्चिमेकडे परत आभाळ भरून येतंय, अशात नायकाला दिसतं की बैलाचा खांदा आलाय, म्हणजे जुवानं घासून सुजलाय, आणि तो जू उतरवतो. बस. अर्धं वावर तसंच पडून राहतं. आता त्याच्या मायेला किंमत आली, कारण ती त्याने स्वतःच्या पिकातून दिली.

सगळ्यात जास्त गोष्टी मला वाटतं यापुढच्या वाक्यात बिघडतात. धुऱ्यावरचा म्हातारा लगेच म्हणतो, "देवमाणूस आहे गा हा!" ते वाक्य खोडाच. त्यापेक्षा बायकोला रागावू द्या, "आता निंदाले बाया लावाव्या लागन, त्यायची मजुरी कोण देईन?" आणि याच्याकडे उत्तर नसू द्या.

ज्याच्यावर दया होते तो माणूस पण नीट लिहा. कापूस वेचणीच्या संध्याकाळी काट्यावर मालक 'सकाळचा कापूस दवानं ओला होता' म्हणून वेचणाऱ्या बुढीचं वजन कापतो, तिथे नायक खिशातून पैसे काढतो आणि बुढी रडत पाया पडते, असं नको हो, तिला पण मान आहे. काटा नायकाच्या हातात द्या, तो कट न धरता पूर्ण किलो सांगेल, आणि बुढीनं संशयानं आकडा परत विचारला तर फारच छान.

नायक सगळ्यांशीच गोड नको, सावकारापुढे तोंड सुटलं तरी चालतं.

नाटकवाल्यांची अडचण वेगळी, मागे बसलेल्या प्रेक्षकाला बारीक हावभाव दिसत नाही म्हणून लेखक सगळं संवादात ओतून टाकतो. तसं न करता नायकाला ऐन भांडणात थांबवा, झोपलेल्या पोराच्या अंगावर दुपट्टा टाकू द्या, मग पुढचं वाक्य. तालमीत तिथे तीन श्वास मोजून घ्या, नट तिथे घाई करतातच.