‘अपेक्षित पगार किती?’ याचं उत्तर
लोटे-परशुरामच्या कारखान्यात असो की मालवणच्या रिसॉर्टमध्ये, मुलाखतीत हा प्रश्न येतोच. ‘तुम्ही द्याल ते’ असं कृपा करून म्हणू नका. आपली हुशार मुलं संकोचापोटी नेमकी इथेच गप्प बसतात.

आकडा सांगण्याआधी तो सीटीसी (म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च) की हातात येणारा, हे विचारा. मूळ पगार १५,००० असेल, तर पीएफचे १२ टक्के, म्हणजे १,८०० रुपये तुमच्याकडून कापले जातात; कंपनीचा तेवढाच वाटा बहुधा सीटीसीतच धरलेला असतो. शिवाय व्यवसाय कर. म्हणून हातात अमुक हवेत, असंच स्पष्ट बोला. राहणं-जेवण मिळत असेल तर थोडा कमी आकडाही चालेल.

किनाऱ्यावरच्या पर्यटनात पावसाळ्याचं आधी विचारा. जलक्रीडा तेव्हा बंद असतात. त्या महिन्यांचा पगार पूर्ण, अर्धा की शून्य? उत्तर लेखी घ्या. बारा महिन्यांचे १६ हजार हे आठ महिन्यांच्या २० हजारांपेक्षा जास्त भरतात.

‘१८ ते २२ हजार’ असा पट्टा सांगितलात, तर खालचा आकडा असा ठेवा ज्यावर तुम्ही खरोखर रुजू व्हाल. समोरचा बहुतेकदा तोच धरतो.