लहान समुद्री टाकीचा स्किमर: निवड, बसवणी आणि फेसाची पातळी

पावसाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावर लाटांबरोबर पिवळसर, चिकट फेस येऊन साचतो. शेवाळ आणि मेलेले सूक्ष्मजीव कुजून पाण्यात प्रथिने व इतर सेंद्रिय द्रव्ये सुटतात, ती हवेच्या बुडबुड्यांना चिकटतात आणि त्यामुळे हा फेस टिकतो. समुद्री मासे पाळण्याच्या टाकीला लावायचा प्रोटीन स्किमर हेच काम एका नळकांड्यात करतो. खाऱ्या पाण्यात बारीक बुडबुडे सोडायचे, त्यांना घाण चिकटू द्यायची आणि फेस वर चढून कपात पडला की फेकून द्यायचा. गोड्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि पटकन फुटतात, खाऱ्या पाण्यात ते बारीकच राहतात. म्हणून गोल्डफिशच्या टाकीला स्किमर लावण्यात अर्थ नाही.

आधी ठरवा, हवा आहे का?

टाकी ५०-६० लिटरच्या आतली असेल, मासे एक-दोनच असतील आणि दर आठवड्याला १० ते १५ टक्के पाणी तुम्ही इमानाने बदलत असाल, तर स्किमरवाचून काही अडत नाही. त्या पैशात पाण्यातले मीठ मोजणारा चांगला रिफ्रॅक्टोमीटर घ्या. दुकानदार काहीही म्हणो, एवढ्या लहान टाकीत पाणी बदलण्याइतका स्वस्त आणि खात्रीचा उपाय दुसरा नाही.

खरी गरज त्यापुढे सुरू होते. या लेखात ७५ × ४० × ४० सेंटिमीटरची टाकी धरू. कागदावर ती १२० लिटरची, पण दगड-वाळू वजा जाता पाणी १०० लिटरच्या आसपास. आत क्लाउनफिशची जोडी, एखादी गोबी, दोन-तीन कोळंब्या आणि बराच लाइव्ह रॉक (जिवाणू वसलेले समुद्री दगड). अशा टाकीत स्किमर दोन कामे करतो. अन्नाचे उरलेले कण आणि माशांची घाण कुजण्याआधीच बाहेर काढतो आणि पाण्यात हवा मिसळतो. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत हे दुसरे कामही मोलाचे ठरते.

मात्र घाण कुजून शेवटी बनणारे, पाण्यात विरघळलेले नायट्रेट बुडबुड्याला चिकटत नाही. टाकीत नायट्रेट आधीच चढले असेल, तर स्किमर लावून ते उतरणार नाही.

खोक्यावरच्या लिटरवर जाऊ नका

प्रत्येक खोक्यावर ‘३०० लिटरपर्यंत’, ‘५०० लिटरपर्यंत’ असे काही ना काही छापलेले असते. हे आकडे बहुधा उदार मनाने दिलेले असतात. त्यामुळे लोक दुप्पट-तिप्पट क्षमतेचा स्किमर आणतात आणि तिथेच फसतात. फेस टिकून राहायला पाण्यात पुरेशी सेंद्रिय घाण लागते. १०० लिटर पाणी आणि तीन मासे यांच्यावर मोठ्या नळकांड्याचा कपाकडे जाणारा रुंद गळा भरतच नाही. फेस अर्ध्यावर येतो, कोसळतो, पुन्हा चढतो. मालक रोज खटका (व्हॉल्व्ह) फिरवत बसतो आणि कप कोरडाच राहतो.

अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ केन फेल्डमन यांनी २००९-१० च्या सुमारास वेगवेगळ्या स्किमरची मोजदाद केली होती. पाण्यातल्या एकूण सेंद्रिय कार्बनपैकी साधारण २० ते ३५ टक्केच भाग स्किमर काढू शकतात आणि महागड्या-स्वस्तात यंत्राच्या किमतीएवढा फरक पडत नाही, असे त्यांना दिसले. म्हणजे मोठा स्किमर घेऊन पाणी दुप्पट स्वच्छ होईल, ही आशा सोडलेली बरी.

माझ्या मते खऱ्या पाण्याच्या फार तर दीडपट क्षमतेचा, अरुंद गळ्याचा स्किमर घ्यावा. माशांची गर्दी असेल तर दुप्पट. खोक्यावर ‘कमी मासे’ आणि ‘जास्त मासे’ असे दोन आकडे असतील, तर त्यातला लहान आकडा खरा धरा.

तुमच्या टाकीला कोणता बसेल

टाकीखाली कपाटात संप (पाणी गाळण्याची साधने ठेवायची दुसरी टाकी) असेल, तर संपमधला नीडल व्हील स्किमर घ्या. त्याच्या पंपाच्या चाकाला पात्यांऐवजी काटे असतात. आत ओढलेली हवा ते काटे चिरडून बारीक करतात. फेस चांगला येतो, आवाज कपाटातच राहतो आणि कधी सांडलाच तर कार्पेट वाचते.

संप नसेल, तर मागच्या काचेवर लटकणारा हँग-ऑन प्रकार घ्या. त्यासाठी टाकी आणि भिंत यांच्यात १०-१५ सेंटिमीटर जागा लागते. टाकी भिंतीला चिकटवून ठेवलेली असेल, तर भरलेली टाकी सरकवायचा विचारही करू नका. अशा वेळी टाकीतच कोपऱ्यात उभा राहणारा लहान स्किमर हा पर्याय उरतो. जर्मनीच्या टुन्झे कंपनीने या लहान प्रकारावर बरेच काम केले आहे. शेवटचा प्रकार लाकडी एअरस्टोनवर (हवेचे बारीक बुडबुडे सोडणाऱ्या तुकड्यावर) चालणारा. तो विकत घ्यायला स्वस्त, पण लाकूड दर काही आठवड्यांनी बदलावे लागते आणि एअरपंप दमदार लागतो. तो खर्चही हिशेबात धरा.

नातेवाइकांकडून अमेरिकेतून स्किमर मागवणाऱ्यांसाठी एक सूचना. तिकडची वीज ६० हर्ट्झची, आपली ५०. साध्या एसी पंपाचा वेग या हर्ट्झवर ठरतो. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्ट जुळतील, हर्ट्झ नाही. पंप साधारण पाच-षष्ठांश वेगाने फिरेल आणि हवा कमी ओढेल. डीसी पंपाचा असेल आणि अडॅप्टरवर १००-२४० व्होल्ट लिहिलेले असेल, तर खुशाल आणा.

खरेदीआधी टेप घेऊन कपाटाची उंची मोजा. स्किमरच्या उंचीवर आणखी चार-पाच सेंटिमीटर मोकळे हवेत, नाहीतर कप काढताच येणार नाही. दुकानात हे कोणी सांगत नाही. सुटा इम्पेलर (पंपाचे फिरते चाक) आपल्याकडे मिळतो का, तेही विचारून घ्या. बिघडतो तो बहुतेक इम्पेलरच.

पाण्याची पातळी: सगळे इथे ठरते

स्किमर किती खोल पाण्यात उभा करायचा, हे त्याच्या माहितीपत्रकात लिहिलेले असते. बऱ्याच लहान स्किमरना १५ ते २० सेंटिमीटर पाणी लागते. पाणी दोन सेंटिमीटर वाढले तरी फेस कप भरून वाहतो आणि दोन सेंटिमीटर उतरले की गळ्यापर्यंत पोहोचत नाही. फेस बिघडला की बहुतेक लोक स्किमरला दोष देतात. दोष पातळीचा असतो.

संपमध्ये बाष्पीभवनाने पाणी उतरते ते फक्त शेवटच्या, म्हणजे पाणी वरच्या टाकीत परत पाठवणाऱ्या रिटर्न पंपाच्या कप्प्यात. त्याआधीच्या कप्प्यांची पातळी मधल्या काचेमुळे कायम राहते. म्हणून स्किमर शेवटच्या कप्प्यात कधीही ठेवू नका. कप्प्यात पाणी जास्त खोल असेल, तर पीव्हीसी पाइपाचे तुकडे कापून खाली स्टूल करा. ते डगमगता कामा नये.

हँग-ऑनला हा आडोसा नसतो, कारण मुख्य टाकीची पातळी उतरली की त्याचा फेसही उतरतो. पंखा लावून टाकी थंड ठेवणाऱ्यांचे पाणी तर उन्हाळ्यात भराभर आटते. रोज ठरलेल्या वेळी काचेवरच्या खुणेपर्यंत आरओचे पाणी भरा किंवा ऑटो टॉप-ऑफ (आटलेले पाणी आपोआप भरणारे साधन) बसवा. भर गोड्या पाण्याचीच घालायची. पाणी उडून जाते, मीठ टाकीतच राहते.

पहिले दिवस

नव्या स्किमरवर कारखान्यातला तेलकटपणा असतो आणि तेलाने फेस मरतो. बादलीत एक भाग पांढरे व्हिनेगर आणि तीन-चार भाग पाणी घेऊन स्किमर तासभर चालवा, मग साध्या पाण्याने धुवा. भांड्यांचा साबण, लिक्विड, काही म्हणजे काही लावायचे नाही.

मग टाकीवर बसवा. वायर बोर्डाकडे नेताना मध्ये खाली लोंबती ठेवा, म्हणजे तिच्यावरून ओघळलेले पाणी बोर्डात न जाता खाली ठिबकेल. त्या बोर्डाला आरसीसीबी (विजेची गळती होताच वीज तोडणारा स्विच) असलीच पाहिजे. खारे पाणी आणि वीज यांच्याशी खेळ नको.

हवेचा खटका पूर्ण उघडा, पाणी बाहेर सोडणारा खटकाही पूर्ण उघडा आणि चालू करा. आता काही दिवस काहीच करू नका. कधी फेस शून्य असेल, कधी अचानक कप भरेल, टाकीत बारीक बुडबुडेही दिसतील. साधारण एका आठवड्यात, कधी दोन आठवड्यांत, आतल्या प्लॅस्टिकवर जैविक थर बसतो आणि हे थांबते. त्याआधी केलेली जुळणी टिकत नाही.

आता जुळणी

नळकांड्यात खाली बुडबुड्यांनी दुधाळ झालेले पाणी दिसते आणि वर कोरडा होत जाणारा फेस. त्या दोहोंमधली सीमा गळ्याच्या तळाशी, म्हणजे नळकांडे अरुंद होते तिथे, आणायची आहे. त्यासाठी पाणी सोडणारा खटका किंचित बंद करा. सीमा वर सरकेल. खटका फिरवायचा तो केसभर, आणि त्यानंतर किमान अर्धा दिवस वाट पाहायची. संध्याकाळी फिरवा, सकाळी बघा.

फेस जास्त झाला म्हणून हवा कमी करू नका. हवा म्हणजेच स्किमरची ताकद. ती नेहमी पूर्ण ठेवा आणि सीमा पाण्याच्या खटक्याने हलवा. काही स्वस्त स्किमरना पाण्याचा खटकाच नसतो, तिथे स्किमर वर-खाली करूनच जुळणी होते.

सीमा खाली ठेवली तर कपात गडद, दाट, भयंकर वासाचा काढा थोडा जमतो. वर ठेवली तर फिक्या चहाच्या रंगाचे पाणी भरपूर जमते. लहान टाकीत पहिला प्रकार बरा. ओल्या फेसाबरोबर मीठही जाते. १०० लिटरच्या टाकीतून रोज अर्धा लिटर फिके पाणी कपात गेले आणि त्याची भरपाई ऑटो टॉप-ऑफने गोड्या पाण्याने केली, तर आठवड्यात साडेतीन टक्के मीठ कमी होते. क्षारता (पाण्यातल्या मिठाचे दर हजारी प्रमाण) ३५ वरून ३३.८ पर्यंत येते. मासे मरत नाहीत, पण कोळंब्या अस्वस्थ होतात आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही.

कपातला काढा कमोडमध्ये ओता. कुंडीत नको, त्यात मीठ आहे.

फेस अचानक उसळला किंवा गायब झाला, तर

उसळला तर आठवा, टाकीत नवे काय गेले. नळाच्या पाण्याचे क्लोरीन मारणारे द्रव, दगड चिकटवायची इपॉक्सी पुट्टी आणि काही औषधे फेस भडकवतात. अशा वेळी पाण्याचा खटका पूर्ण उघडून सीमा खाली आणा किंवा कप काढून स्किमर चालू ठेवा, हवा तरी मिळत राहील. एक-दोन दिवसांत किंवा पाणी बदलल्यावर तो शांत होतो. मेलेली गोगलगाय दगडामागे कुजत असली, तरी फेस असाच वाढतो. म्हणून दगडामागे एकदा टॉर्च मारून बघा.

गायब झाला तर आधी विचारा, नुकतेच खाऊ घातले का? हात घातला होता का? खाण्यातल्या तेलाने आणि हाताच्या क्रीमने फेस काही तास बसतो आणि आपोआप परत येतो. खटक्याला हात लावू नका. दोन दिवस झाले तरी आला नाही, तर हवेची नळी तपासा. तिच्या तोंडाशी मिठाचे खडे जमतात. नळीचे वरचे टोक कपभर कोमट आरओ पाण्यात बुडवा, पंप ते ओढून घेईल आणि मीठ विरघळेल. एवढे केले की बहुतेक वेळा काम होते.

गळ्यात आतून चिकटणारा तपकिरी थर फेसाला वर चढू देत नाही. म्हणून कप रिकामा असला तरी दर दोन-तीन दिवसांनी गळा पुसा. पंप दोन-तीन महिन्यांनी उघडून व्हिनेगरच्या पाण्यात घाला. इम्पेलरवरचा पांढरा चुना निघाला की हवा पुन्हा पहिल्यासारखी ओढली जाते.

वीज गेली आणि परत आली

वीज गेली की वरच्या टाकीतले थोडे पाणी संपमध्ये उतरते. वीज येताच स्किमर त्या वाढलेल्या पातळीत सुरू होतो आणि कप भरून वाहतो. त्याला उशिरा सुरू होणाऱ्या टायमर-प्लगवर ठेवा, पाच-दहा मिनिटे पुरतात. इन्व्हर्टरवर पाणी फिरवणारा पंप जोडा. स्किमर काही तास बंद राहिला तरी चालते.

स्किमर कुठली हवा ओढतो

स्किमर दिवसरात्र खोलीतली हवा ओढून पाण्यात घालतो. एसीच्या बंद खोलीत माणसांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साचतो, तो पाण्यात उतरतो आणि पीएच ८.२ च्या जागी ७.८-७.९ वर अडकून बसतो. हवेची नळी लांबवून तिचे टोक खिडकीबाहेर काढले, तर पीएच बऱ्याचदा सुधारतो. पण मग डासांच्या धूरफवारणीची गाडी गल्लीत शिरली की नळी आत घ्या, नाहीतर सरळ स्किमर बंद करा. घरातल्या डासांच्या कॉइल आणि लिक्विड मशीनबाबतही तेच. त्यातली पायरेथ्रॉइड औषधे माशांना घातक असतात आणि कोळंब्यांना तर अगदी थोड्या मात्रेतही.