खाल्ल्या मिठाची गोष्ट जागलीवर कशी सांगावी

हरभरा घाट्यावर आला की आमच्याकडे वावरात जागल सुरू होते. रानडुकरांचा कळप एका रात्रीत उभे पीक लोळवून जातो, रोही उरलेसुरले खुडतात, म्हणून दोघे-तिघे मिळून धुऱ्यावर शेकोटी पेटवतात, मधूनमधून डबा वाजवतात आणि बाकीची रात्र बोलण्यात काढतात. २०११ ते २०१९ या काळात आठ पर्वांत आणि ७३ भागांत दाखवली गेलेली ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही मालिका अशा रात्री सांगण्यासारखी आहे. ज्यांनी ती पाहिलेली नाही आणि इंग्रजीमुळे पाहणारही नाहीत, अशा घरच्या वडीलधाऱ्यांना ती कशी सांगावी, हे मी तीन हिवाळ्यांच्या अनुभवावरून येथे लिहीत आहे.

पहिल्या हिवाळ्यात मी सगळेच चुकलो. कोणते घराणे कुठले, कोणाच्या निशाणावर कोणता प्राणी, सिंहासनावर कोणाचा हक्क, असा नकाशाच मी मोठ्या बाबांपुढे मांडायला बसलो. ते बाजेवर केव्हा घोरू लागले ते मला कळले नाही आणि मी सांगण्याच्या नादात फेरी मारायला विसरलो. सकाळी खालच्या बांधाचा हरभरा आडवा झालेला होता. तेव्हापासून एक नियम केला आहे : पहिल्या रात्री पाचांहून अधिक नावे घ्यायची नाहीत आणि सिंहासनाचे नावही काढायचे नाही.

सुरुवात भिंतीपासून करावी. उत्तरेला बर्फाची ७०० फूट उंच भिंत आहे आणि तिच्यावर काळ्या कपड्यांतली माणसे आयुष्यभर पहारा देतात. ही त्यांची जागल आहे, एवढे सांगितले की ऐकणारा स्वतःच्या शेकोटीकडे पाहून सावरून बसतो. हे लोक लग्न करणार नाहीत, जमीन धरणार नाहीत आणि मरेपर्यंत पहारा सोडणार नाहीत, अशी शपथ घेतात. पहिल्याच भागात असा एक पहारेकरी भिंतीपलीकडे प्रेते चालताना पाहून पळून येतो आणि नेड स्टार्क नावाचा सरदार त्याचे डोके स्वतःच्या हाताने उडवतो, कारण शिक्षा सुनावणाऱ्यानेच तलवार चालवावी अशी त्याच्या घरची रीत आहे. येथे थांबून त्या तलवारीचे वर्णन सावकाश करावे. पुढे नवव्या भागात, मुलींच्या जिवासाठी भर चौकात खोटा गुन्हा कबूल करूनही, नेडचे डोके त्याच तलवारीने उडते. चौथ्या पर्वाच्या आरंभी शत्रू ती वितळवून तिच्या दोन तलवारी घडवतो आणि त्यांतली एक फिरत फिरत अशा बाईच्या हाती येते जिने नेडच्या मुलींना राखण्याची शपथ घेतलेली आहे. माणसांची नावे ऐकणाऱ्याच्या लक्षात राहत नाहीत, पण वस्तू राहते, म्हणून एखादी वस्तू सुरुवातीलाच त्याच्या हाती देऊन ठेवावी.

आता मुख्य सूत्राकडे येतो. निष्ठेसाठी आपल्याकडे ‘खाल्ल्या मिठाला जागणे’ हा आयता शब्द आहे आणि या मालिकेत मीठ हे केवळ म्हणण्यापुरते नाही. तेथील रीतीप्रमाणे यजमानाच्या घरची भाकर आणि मीठ पाहुण्याच्या तोंडी गेले की त्या छपराखाली कोणी कोणाला इजा करायची नसते. मात्र आपला वाक्प्रचार नेहमी खाणाऱ्यालाच धरतो आणि वाढणाऱ्याला मोकळा सोडतो. गोष्ट सांगताना हेच उलटे करून पाहावे. प्रत्येक मृत्यूपाशी ऐकणाऱ्याला एकच प्रश्न विचारावा की येथे मिठाला कोण जागला नाही, खाणारा की वाढणारा.

या प्रश्नासाठी तिसऱ्या पर्वाच्या नवव्या भागातील लग्न एक पूर्ण रात्र राखून ठेवावे. नेडचा मुलगा रॉब याने नदीवरचा पूल वापरू देण्याच्या बदल्यात वॉल्डर फ्रे या म्हाताऱ्याच्या मुलीशी लग्नाचा शब्द दिला होता आणि तो मोडून दुसरीशी लग्न केले. हा मोडलेला शब्द आधी नीट ऐकवावा, नाहीतर पुढचे सगळे नुसती कापाकापी ठरते. मग म्हातारा भाकर-मीठ वाढतो, रॉबचा मामा त्या घरची मुलगी वरतो, दारू वाहते. त्यानंतर दरवाजे बंद होतात आणि वाजंत्री सूर बदलतात. ते शत्रूच्या घराण्याचे गाणे असते. रॉबची आई कॅटलिन शेजारी बसलेल्या बोल्टन या आपल्याच सरदाराची बाही वर सारते, तर खाली लोखंडी कड्यांचे चिलखत असते. सांगताना मी येथे स्वतःच्या स्वेटरची बाही दोन बोटांनी हळूच वर करतो आणि बराच वेळ बोलत नाही. कत्तलीचे वर्णन दोन वाक्यांत उरकावे. भीती त्या बाहीत आहे, रक्तात नाही.

मोठे बाबा येथे उठून बसले. “काहून? जेवू घालून मारलं?” असे म्हणून त्यांनी विडी विझवली आणि रॉबने शब्द मोडला होता हे मी आठवून दिल्यावर म्हणाले, “मंग भाकर द्याची नाही ना लेका, दारातूनच वापस पाठवाचं.” या दृश्याविषयी याहून नेमके बोललेले मी कुठे वाचलेले नाही.

चाकरीच्या निष्ठेसाठी सालदाराची आठवण करून द्यावी, कारण पाडव्याला साल ठरते, पुढच्या पाडव्याला ते मोडते किंवा वाढते, आणि तरीही काही सालदार एकाच घरी म्हातारे होतात, हे ऐकणाऱ्याने पाहिलेले असते. डाव्होस हा असा माणूस आहे. गादीवर हक्क सांगणारा स्टॅनिस एकदा वेढ्यात उपाशी पडला असता त्याला डाव्होसने चोरून कांदे आणि मासळी पोहोचवली. स्टॅनिसने त्याला सरदारकी दिली आणि आधीच्या तस्करीबद्दल त्याच्या बोटांची पेरेही छाटली. डाव्होस याला न्याय म्हणतो आणि सोबत राहतो, मुलगा त्याच्या लढाईत गमावूनही राहतो. स्टॅनिसची लहान मुलगी शिरीन त्याला अक्षरे शिकवते आणि तो तिला लाकडाचे हरीण कोरून देतो. पाचव्या पर्वात बाप गादीच्या आशेने त्या मुलीला जाळतो, तेव्हा डाव्होसला मुद्दाम दूर पाठवलेले असते. सांगणाऱ्याने हे जळणे त्या रात्री सांगूच नये. फक्त डाव्होस गेला आणि मुलगी मागे राहिली, एवढ्यावर सोडावे. सांगण्याच्या दोन रात्री उलटल्यावर, पुढच्या एका लढाईच्या तोंडावर, राखेत त्याला ते अर्धवट जळालेले हरीण सापडते, तेव्हा ऐकणाऱ्यालाही ते त्याच्यासोबतच कळावे. मालिकेचा क्रम येथे मी जाणूनबुजून मोडतो आणि तो मोडलेलाच बरा वाटतो.

ब्रॉन हा भाडोत्री लढवय्या त्याच रात्री जोडीला घ्यावा. तो पहिल्यापासून भाव सांगतो आणि दुसरीकडे अधिक मिळाल्यावर मालकाला तोंडावर तसे सांगून निघून जातो. तो मीठ खात नाही, मजुरी घेतो, म्हणून त्याचा राग येत नाही.

भाषांतराची खरी अडचण होडोरपाशी येते. होडोर हा नेडच्या पांगळ्या मुलाला, ब्रॅनला, पाठीवर वाहणारा धिप्पाड गडी आहे आणि त्याला आपल्या नावाखेरीज एकही शब्द बोलता येत नाही. सहाव्या पर्वाच्या पाचव्या भागात तो एका गुहेचे दार पाठीने दाबून धरतो आणि मेलेल्यांचा लोंढा त्याला फाडत असताना कळते की त्याचे नाव म्हणजे ‘दार धर’ या इंग्रजी हुकमाचा झिजलेला अवशेष आहे. ब्रॅनमुळे तो हुकूम त्याच्या लहानपणातच घुमला आणि मुलाची वाचा तेवढ्याच शब्दावर गोठली. हे मराठीत समजावून सांगायला गेले की बार फुकट जातो. म्हणून पहिल्या रात्रीपासून त्याचे नाव ‘दाधर’ असे सांगावे आणि अर्थ विचारल्यास गप्प राहावे. मग त्या रात्री ‘दार धर, दार धर, दाऽधर, दाधर’ असे झिजवत न्यावे. ऐकणारा शेवटचा शब्द आपणहून उच्चारतो. येथेही मिठाचा प्रश्न जरूर विचारावा, कारण आयुष्यभर जागलेल्या गड्याचे आयुष्य मालकाच्या पोरानेच वापरून टाकलेले असते.

भिंतीवरच्या ऑलीला फार वेळ देऊ नये, पण वगळूही नये. ज्यांनी त्याचे आईबाप मारले त्यांनाच पहारेकऱ्यांचा म्होरक्या जॉन स्नो भिंतीच्या आत घेतो, म्हणून ते पोर जॉनच्या छातीत सुरा खुपसते. गमावणे आधी आणि फितुरी नंतर, असा क्रम येथे आहे. ड्रॅगन मात्र ऐकणारा मागेल तेवढेच द्यावेत.

शेवटच्या रात्रीसाठी ब्रिएन ठेवावी, म्हणजे त्या तलवारीची मालकीण. नेडची मुलगी सान्सा तिची शपथ बर्फात उभी राहून स्वीकारते तेव्हा मालकिणीने उलट द्यायचे वचन, आपल्या चुलीपाशी जागा आणि ताटातले अन्न, तिला धड आठवत नाही आणि ब्रिएनचा सेवक पॉड्रिक हळूच शब्द सुचवतो. वाढणाऱ्यालाही शपथ असते हे येथे अगदी स्पष्टपणे येते. त्यानंतर थेट अखेरच्या भागावर यावे. शत्रूच्या घराण्यातला राजरक्षक जेमी लॅनिस्टर ब्रिएनला रडत सोडून आपल्या राणीकडे गेला आणि तिच्यासोबत ढिगाऱ्याखाली मेला. राजरक्षकांच्या वहीत त्याचे पान अपुरे असते. ब्रिएन दौत घेऊन बसते आणि त्याची एकेक कामगिरी लिहीत जाते : पकडला गेला, कॅटलिनला शब्द देऊन सुटला, हात गमावला, मेलेल्यांशी लढला. मग थोडी थांबून, आपल्या राणीचे रक्षण करताना मरण आले, असे लिहिते. स्वतःविषयी त्या पानावर ती एक अक्षर लिहीत नाही. वही मिटते.

एवढे सांगून झाले की काही विचारू नये. बॅटरी घेऊन उठावे आणि खालच्या बांधापर्यंत फेरी मारून यावे.